रत्नागिरीहून आखाताकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रत्नागिरीला ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. शेती डोंगरउताराची, पाऊस चार महिन्यांचा, भात वर्षातून एकदाच. घरातला एक तरी पुरुष बाहेर गेल्याशिवाय घराचे भागत नसे. हे ‘बाहेर’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मुंबई होते. तिथल्या गिरण्या, गोदी, पोलीस खाते आणि छापखाने आमच्या माणसांनी भरले. गेल्या अर्ध्या शतकात त्यात आणखी एका दिशेची भर पडली. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत आणि सौदी अरेबिया ही नावे इथल्या घराघरांत राजापूर-चिपळूणइतकी ओळखीची झाली. मुंबईच्या चाकरमान्यावर कथा-कादंबऱ्या झाल्या, लोकनाट्ये झाली. आखाताच्या वाटेची गोष्ट मात्र गावातल्या एखाद्या नव्या बंगल्याकडे बोट दाखवून संपते. ती गोष्ट थोडी मागून पाहिली, तर तिचा अर्थ वेगळा लागतो.

पहिली गोष्ट ही की ही वाट नवी नाही. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. अरबस्तान आणि इराणकडून घोडे इथे उतरत आणि दख्खनच्या फौजांकडे जात. पंधराव्या शतकात भारतात फिरलेला रशियन प्रवासी अफानासी निकितीन याने परतीचे जहाज दाभोळलाच पकडले. ते वाऱ्याने आधी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेले आणि मग मस्कतमार्गे होर्मुझला पोहोचले. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले, त्यामागेही अरबी समुद्रावरचा हाच व्यापार ताब्यात घेण्याचा हेतू होता. दाभोळची घुमटाची मशीद विजापूरच्या शहजादीने बांधली आणि ती मक्केला जाण्यासाठी या बंदरात आली होती, असे तिथले लोक सांगतात. मक्केच्या वाटेवरचे बंदर अशी दाभोळची ओळख होती, एवढे त्या आख्यायिकेतून नक्की समजते.

या संबंधाच्या खुणा आपल्या बोलण्यातही आहेत. जहाजाचा धनी तो नाखवा. हा शब्द फारसी ‘नाखुदा’वरून आला. दिशा जाणणारा तो मालिम. मूळ अरबी ‘मुअल्लिम’, म्हणजे शिकवणारा. सारंग, बंदर आणि दर्या हे शब्दही त्याच बाजूचे. यांतली काही नावे पुढे आडनावे झाली आणि हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांत रुळली. कामाचे शब्द एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जातात, ते माणसे बरोबर काम करतात म्हणून.

इंग्रजी अमदानीत हे नाते दप्तरात आले. आखातातल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. तिथली टपाल कार्यालये हिंदुस्थानच्या टपाल खात्याची, तिकिटे हिंदुस्थानची आणि चलन रुपया. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. बसऱ्याचा खजूर इकडे येई आणि इकडून तांदूळ, लाकूड व कापड तिकडे जाई. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहरीन आणि कुवेत करीत बसऱ्यापर्यंत जात. त्यांतली ‘दारा’ ही बोट ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसे दगावली. ‘द्वारका’ मात्र १९८२ पर्यंत या मार्गावर चालू होती. विमानाने जाणे सर्रास होण्यापूर्वी पोटासाठी आखातात जाणारा माणूस या बोटींच्या डेकवर वळकटी टाकूनच गेला.

स्वातंत्र्यानंतरही रुपया तिथे चालतच राहिला, हे आज सांगितले तर नव्या पिढीला खरे वाटत नाही. अडचण सोन्याची होती. भारतात सोन्याच्या आयातीवर बंधने होती आणि दुबईत सोने मोकळे मिळत असे. चोरट्या सोन्याची किंमत रुपयांत चुकती व्हायची, ते रुपये आखातातून रिझर्व्ह बँकेकडे परत यायचे आणि त्यांच्या बदल्यात आपल्याला परकीय चलन मोजावे लागायचे. उपाय म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकापुढे ‘झेड’ हे अक्षर असे. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि कतार, दुबई वगैरे संस्थानांनीही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. म्हणजे आखातात नोकरी केलेल्या आपल्याकडच्या पहिल्या काही माणसांनी पगार रुपयांतच घेतला. नंतरच्यांना मात्र दिनार आणि रियालचा भाव रोज विचारावा लागला. एका पिढीत नात्याची उलटापालट झाली, ती अशी.

तिला कारण तेल. बहरीनमध्ये १९३२ साली आणि कुवेत व सौदी अरेबियात १९३८ साली तेल लागले. अबूधाबीचे तेल १९६२ मध्ये आणि दुबईचे १९६९ मध्ये बाहेर जाऊ लागले. तरी खरा बदल झाला तो ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. हाती आलेल्या पैशातून रस्ते, बंदरे, विमानतळ, इस्पितळे आणि अख्खी शहरे एकदम उभी करायची होती आणि ती करायला त्या देशांत माणसे नव्हती.

रत्नागिरीची माणसे तिथे लवकर पोहोचली, कारण तयारी आधीच झालेली होती. किनाऱ्यावरच्या गावांतले खलाशी अनेक पिढ्या परदेशी बोटींवर कामाला होते. परका देश, परके अन्न आणि दोन-दोन वर्षे घर न दिसणे याची त्या घरांना सवय होती. कोकणी मुसलमान कुटुंबांत उर्दूची ओळख आणि अरबी अक्षरांचे वाचन होते. मुंबईत गावागावाच्या खोल्या होत्या. तिथे नोकरी शोधणारा माणूस महिनोन्‌महिने फार खर्च न करता राहू शकत असे आणि कुठल्या कंपनीचा माणूस मुलाखतीला आला आहे ही बातमीही तिथेच कळत असे. आधी कारकून, टंकलेखक, ड्रायव्हर आणि स्वयंपाकी गेले. मग गवंडी, सुतार, वेल्डर, फिटर आणि वायरमन. एकाने जाऊन दुसऱ्यासाठी व्हिसा पाठवायचा, अशी साखळी लागली. पुढे आयटीआय झालेली कुणबी, भंडारी आणि मराठा समाजांतली मुलेही याच साखळीत आली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईची जुनी हमी संपली. ज्या घरांची मुंबई अशी तुटली, त्यांतल्या तरुणांना दुसरी वाट शोधणे भागच होते.

जाणे सोपे नव्हते. पासपोर्ट, डॉक्टरी तपासणी, मुंबईतली ट्रेड टेस्ट आणि एजंटाचे पैसे. हे पैसे उभे करताना आईचे दागिने गहाण पडत, कलमांच्या बागेवर कर्ज निघे. १९२२ चा जुना कायदा अपुरा पडला, म्हणून १९८३ मध्ये नवा उत्प्रवासन कायदा आला. एजंटांना नोंदणी सक्तीची झाली आणि कमी शिकलेल्यांना जाण्यापूर्वी सरकारी परवानगी आवश्यक ठरली. फसवणूक त्याने थांबली नाही, पण दाद मागायला जागा झाली.

तिथे पोहोचल्यावर माणूस कफीलच्या हवाली होई. कफील म्हणजे त्याला जामीन राहणारा मालक. राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, त्याच्याच नावावर अवलंबून. पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात. नोकरी बदलायची तर त्याची संमती हवी आणि सौदीसारख्या देशांत मायदेशी परतायलाही त्याची सही लागे. न सांगता कामावरून निघून गेलेल्यावर ‘हुरूब’, म्हणजे फरारी, असा शिक्का बसे. आता यात बदल होत आहेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. पण चार दशके आपली माणसे जुन्या पद्धतीखाली राबली. एका खोलीत सहा-आठ खाटा, उन्हाळ्यात ४५ अंशांवर पारा आणि दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. गावी आणलेल्या टू-इन-वनच्या आणि अत्तराच्या बाटल्यांच्या मागे हे सारे असे.

त्या टू-इन-वनचा एक उपयोग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिहिता न येणाऱ्या आईने कॅसेटवर बोलायचे, ती कॅसेट रजेवरून परतणाऱ्या गाववाल्याबरोबर पाठवायची आणि मुलाने आपले उत्तर तसेच धाडायचे. टेलिफोन महाग होता आणि अनेक गावांत नव्हताच. या कॅसेटमध्ये पावसाची खबर असे, म्हैस व्याल्याची बातमी असे, पोराने म्हटलेली कविता असे.

इकडे घर चालवत होत्या बायका. बँकेत खाते उघडणे, चिरे आणि वाळूचा हिशेब, मुलांचे दाखले, सासऱ्यांचे आजारपण आणि भाऊबंदकीतले जमिनीचे खटले हे सगळे त्यांनी केले. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या आणि २०११ मध्ये १,१२२. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. या आकड्यांत मुंबई-पुण्याला गेलेले अधिक आणि आखातात गेलेले कमी असतील. पण घरात पुरुष नसणे म्हणजे काय, हे दोन्ही घरांना सारखेच कळले.

तरी मुंबई आणि आखात यांत एक मोठा फरक आहे आणि तो समजला की बाकीचे समजते. मुंबईला गेलेला माणूस मुंबईकर झाला. त्याहून जुने उदाहरण केपटाऊनचे. आजच्या रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे गेले, दुकाने थाटली आणि तिथलेच झाले. आखातात असे होत नाही. तिथे तीस वर्षे काढली तरी सामान्य कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. नोकरी संपली की राहण्याचा हक्क संपतो. म्हणून त्याने पैसा तिथे गुंतवला नाही, गावाकडे धाडला. घर, विहीर, कलमांची बाग, मशिदीची दुरुस्ती, देवळाचा सभामंडप, उर्दू आणि मराठी शाळांच्या खोल्या या पैशातून झाल्या. आखाताने आपल्या माणसाला सामावून घेतले नाही, म्हणूनच रत्नागिरीची गावे बांधली गेली. नव्या बंगल्याला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तो बंगला त्या माणसाचा एकमेव कायमचा पत्ता असतो.

आणि तो हक्क किती पातळ असतो हे वेळोवेळी दिसले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. बँकेतली शिल्लक आणि पगार एका सकाळीत निरर्थक झाले. बगदाद आणि जॉर्डनची राजधानी अम्मान गाठत माणसे परतली. एअर इंडियाने ४८८ फेऱ्या करून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना आणले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून भरपाई मिळाली, ती कागद जपून ठेवणाऱ्यांना. सौदीने जुलै २०१७ पासून प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल आकारायला सुरुवात केली आणि २०२० पर्यंत ते ४०० केले. पुष्कळांनी बायकामुलांना गावी पाठवले. मे २०२० मध्ये करोनाच्या काळात परतीची विमाने भरली. जून २०२४ मध्ये कुवेतमधल्या मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत ४० हून अधिक भारतीय गेले.

आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत आज सुमारे ९० लाख भारतीय आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांतला सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. केरळ त्याच्या किंचित मागे. त्याच पाहणीत अमेरिका कुठल्याही एका आखाती देशाच्या पुढे असलेली दिसते. म्हणजे महाराष्ट्राचा तो वाटा सगळा कामगारांचा नाही आणि आखाताचा जोर ओसरतो आहे. केरळने १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले आणि १९९८ पासून घरोघरी पाहण्या करून गेले किती, परतले किती, त्यांचे पुढे काय झाले याची नोंद ठेवली. कोकणात परतलेला साठीचा वेल्डर मात्र कुठल्याच यादीत नाही. त्याला निवृत्तिवेतन नाही; गुडघे आणि फुप्फुसे तिकडे झिजली, औषधांचा खर्च इकडे.

त्याच्यासाठी दोन गोष्टी करता येतील. ग्रामपंचायतींनी परतलेल्यांची साधी नोंद ठेवावी. वय, कसब, आजार. कुठली योजना कोणाला लागू पडते हे त्याशिवाय ठरणार नाही. दुसरी गोष्ट वाचनालयांची. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे; अशा संस्थांनी जुने पासपोर्ट, करारपत्रे, इकामे, पत्रे आणि त्या कॅसेट मागून घ्याव्यात आणि त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. कॅसेटच्या फिती दमट हवेत फार टिकत नाहीत. पहिली पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. घरात अशी माणसे असतील, तर त्यांना या पावसाळ्यातच विचारून घ्या.