प्रक्रियकावरील लेप : एका लिंपणाचा इतिहास

'लिंपणे' हे मराठी क्रियापद संस्कृत 'लिप्' धातूपासून आले आहे. पृष्ठावर थर देणे आणि भेगा बुजविणे, असे दोन्ही अर्थ त्यात नांदतात. संगणकाच्या प्रक्रियकावर लावावयाच्या उष्णतावाहक लेपाचे कार्य दुसऱ्या अर्थाचे होय. व्यवहारात मात्र तो पुष्कळदा पहिल्या अर्थाने थापला जातो. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात हा अर्थभेद महाग पडतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळ्यांची उष्णता मोठ्या जागेत विखुरलेली असे, म्हणून तेथे लेपाला स्थान नव्हते. लेपाची गरज निर्माण केली ती शक्ति-ट्रान्झिस्टरने. उष्णता नखाएवढ्या पृष्ठावर एकवटली, ते पृष्ठ धातूच्या पट्टीस टेकविणे भाग पडले, आणि सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइड कालवून केलेला पांढरा लेप प्रचारात आला. संगणकाच्या प्रक्रियकापर्यंत तो बऱ्याच उशिरा पोहोचला. १९७८ चा इंटेल ८०८६ उघडाच चाले. १९९३ चा पहिला पेंटियम मात्र सुमारे १५ वॅट उष्णता टाकू लागला व त्याच्या माथ्यावर हीट सिंक आणि पंखा चढले. आजच्या साध्या मेजसंगणकात ६५ वॅट ही सामान्य गोष्ट आहे.

धातूची दोन पृष्ठे कितीही घासली तरी त्यांत सूक्ष्म खळगे राहतात व त्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, हवेची केवळ ०.०२६ (वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विन). लेपाची १ ते १२. म्हणजे लेप हवेहून श्रेष्ठ, पण धातूहून पुष्कळच कनिष्ठ. उष्णता ३ सें. मी. बाजूच्या चौरसावर सारखी पसरते असे धरून ६५ वॅटचे गणित मांडले, तर ४ वाहकतेचा ०.०५ मि. मी. लेप तापमानात सुमारे ०.९ अंशाची भर घालतो. ८ वाहकतेचा महाग लेप ही भर निम्मी करील. पण तोच ०.५ मि. मी. जाड थापला तर ती ४.५ अंश होते, आणि १ वाहकतेचा स्वस्त लेप पातळ लावल्यास ३.६. निवडीपेक्षा हात महत्त्वाचा, तो असा.

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. अनेक प्रक्रियक १०० अंशांजवळ आपला वेग आपणच कमी करतात. २२ अंशांच्या खोलीत या मर्यादेपर्यंत ७८ अंशांचा अवकाश असतो, ४२ अंशांच्या खोलीत ५८ चाच. त्यातच वारंवार तापण्या-निवण्याने जुना लेप कडांकडे सरकतो, तेल सुटून कोरडा पडतो. यंत्र मंदावते, दोष त्याच्या वयाला दिला जातो, आणि प्रयोगशाळेतील चालता संगणक मोडीत निघतो.

तसे करण्यापूर्वी जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा, मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा नवा ठेवावा, हीट सिंक सरळ टेकवून स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. पसरविण्याचे काम दाब करतो. गॅलियमयुक्त द्रवधातूचा मोह मात्र टाळावा. तो वीजवाहक असून ॲल्युमिनियमला खातो, आणि साध्या यंत्रांतील हीट सिंक बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात.