दापोडीची बाग आणि आपल्या डोंगरांतील लव्हेंडर



लव्हेंडर म्हटलें कीं विलायती साबण, सुवासिक पाण्याची कुपी आणि कपड्यांच्या पेटींत ठेवावयाच्या वाळक्या फुलांच्या पुरचुंड्या डोळ्यांपुढें येतात. आपल्याकडे वाळा, कापूर आणि कडुनिंबाचा पाला जें काम करतात, तेंच काम युरोपांत हीं फुलें शतकानुशतकें करीत आलीं. कपड्यांस वास यावा, कसर लागूं नये, स्नानाचें पाणी सुगंधी व्हावें, हा त्यांचा जुना उपयोग. त्यांचें नांवही धुणें या अर्थाच्या लॅटिन धातूवरून पडलें, असें पुष्कळ कोशकार मानतात.

फुलांचीं तुरेदार कणसें भट्टींत घालून त्यांतून वाफ सोडली, म्हणजे तेल वाफेबरोबर निघतें आणि वाफ थंड होतांच पाण्यावर तरंगतें. तें शेंकडा एक हिश्श्याच्या आसपासच मिळत असल्यामुळें महाग असतें. रने-मोरिस गातफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाचे हात 1910 मध्यें प्रयोगशाळेंतील स्फोटांत भाजले. त्या जखमांवर त्यानें हें तेल वापरलें आणि 1937 मध्यें सुगंधी तेलांच्या उपचारांवर ग्रंथ लिहिला. तेव्हांपासून डोकेदुखीस, निद्रानाशास, उशीवर दोन थेंब, असे त्याचे घरगुती उपयोग वाढत गेले. मात्र तेल निर्भेळ अंगास चोळूं नये, खोबरेल तेलांत थोडें मिसळून लावावें. आणि मुलांच्या हातीं कुपी लागूं देऊं नये.

आतां माझी एक चूक सांगतों. मी चिंचवडच्या परिसरांत शिक्षक असतांना, दिवाळीच्या सुटीनंतर चाकणच्या बाजूचा एक विद्यार्थी डोंगरावरून एक रोपटें घेऊन आला. उभी चौकोनी काडी, पिसासारखीं चिरलेलीं पानें, माथ्यावर फिकट निळसर फुलें. "गुरुजी, हें काय?" असें त्यानें विचारलें. "रान आहे, टाकून दे," असें मीं उत्तर दिलें. त्यानें तें निमूटपणें खिडकीबाहेर टाकलें. पुढें वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या एका स्नेह्यापाशीं मीं त्या झुडपाचें वर्णन केलें, तेव्हां तो म्हणाला, "मास्तर, ती घोडेघुई. लव्हेंडरचीच सख्खी बहीण!" शास्त्रीय नांव लॅव्हेंड्युला बायपिनाटा. विलायती लव्हेंडर आमच्या पावसांत व उकाड्यांत तग धरीत नाहीं, हें मी जाणत होतों. पण त्याच कुळांतली जात आमच्या माळावर आपोआप उगवते, हें मला साठीच्या उंबरठ्यावर कळलें.

तिची दुसरी बहीण याहून मोलाची. तिचें नांव लॅव्हेंड्युला गिब्सनाय. ती सह्याद्रीची रहिवासी. तिच्या नांवांतला गिब्सन आपल्याच गांवचा म्हणावा लागेल. पेशव्यांच्या पदरच्या कॅप्टन फोर्डची पलटण दापोडीस असे. 1817 च्या खडकीच्या लढाईंत ती येथूनच इंग्रजांच्या मदतीस गेली. फोर्डचा तो बंगला पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं घेतला आणि 1828 मध्यें तेथें सरकारी वनस्पति-उद्यान काढलें. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर 1838 मध्यें त्याचा अधीक्षक झाला. जुन्नर तालुक्यांतील हिवरें येथेंही त्यानें बाग चालविली. लष्करी दवाखान्यांस लागणारीं औषधें परदेशांतून आणण्याऐवजीं येथेंच पिकवावीं, हा त्याचा उद्योग. 1847 मध्यें तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि जंगलतोडीनें पाणी आटतें, हें सरकारास बजावीत राहिला.

मुंबईंत टपालखात्यांत नोकरी करणाऱ्या जॉन ग्रॅहम यानें 1839 च्या आपल्या वनस्पतिसूचींत या लव्हेंडरास गिब्सनचें नांव दिलें. त्याच वर्षीं ग्रॅहम खंडाळ्यास वारला. दापोडीच्या बागेंतील वनस्पतींचीं सुमारें 170 चित्रें गिब्सननें एका देशी चित्रकाराकडून काढविलीं. तीं आज एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जतन केलेलीं आहेत. चित्रकाराचें नांव मात्र आपणांस ठाऊक नाहीं. दापोडीची बाग पुढें मोडली आणि तिचा वारसा गणेशखिंडीच्या बागेकडे गेला.

आतां जम्मूकडील भदरवाहच्या शेतकऱ्यांनीं सरकारी अरोमा मिशनच्या साह्यानें विलायती लव्हेंडरची लागवड केली आहे. मक्यापेक्षां त्यांत त्यांना अधिक पैसा मिळतो. त्याचें मला कौतुक आहे. आपल्या घोडेघुईच्या नांवानें कोणताही बाजार भरलेला नाहीं, आणि तशी आशाही मी दाखवीत नाहीं. माझी चिंता निराळी आहे. कारखाने आले, रस्ते रुंद झाले, हजारों घरांच्या चुली पेटल्या. हें सर्व हवेंच होतें. परंतु जी टेकडी सपाट होते, तिच्यावर काय उगवत होतें हें सांगणारा कोणी राहिला नाहीं, तर टेकडी दोनदां जाते: एकदां जमिनीवरून, एकदां स्मरणांतून.

तो विद्यार्थी आतां चाकणला एका कारखान्यांत काम करतो. मागील हिवाळ्यांत भेटला, तेव्हां मीं त्याला त्या रोपट्याचें नांव सांगितलें आणि क्षमा मागितली. तो हसला व म्हणाला, "गुरुजी, त्या डोंगरावर अजून असेल. मुलीला घेऊन जाऊन पाहतों."

पाऊस सरला कीं आपणही आपल्या मुलांसह एखादी टेकडी चढावी. मूल कांहीं उपटून आणील, तर "रान आहे" असें उत्तर देण्याची घाई करूं नये, एवढीच या निवृत्त मास्तराची विनंती.