दोन तारामती

मंडळी, आपल्या गॅदरिंगमध्ये मुलीचं काम मुलगा करी आणि आपण पोट धरून हसत असू. सिनेमाही तसाच सुरू झाला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले साळुंके नावाचे पुरुष नट. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला पडद्यावर आल्या, पण घरंदाज बायका दूरच राहिल्या.

१९३२ मध्ये प्रभातने तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणली, तेव्हा तारामती होत्या दुर्गा खोटे. हौसेपेक्षा गरज मोठी होती. घर अडचणीत, पदरी दोन मुलगे. लोकांनी नावं ठेवली, त्या काम करत राहिल्या. पुढे रंगभूमी गाजवली, १९८३ चा फाळके पुरस्कार मिळाला. आपण लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेली ‘वागळे की दुनिया’ त्यांच्याच कंपनीची, हे मला फार उशिरा कळलं!

मौद्याहून भंडाऱ्याकडे निघालं की झाडीपट्टी लागते. तिथल्या दंडारीतही बाई म्हणजे लुगडं नेसलेला गडीच असे. आता दिवाळीनंतर हंगाम लागला की रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांत बायका उभ्या राहतात, त्या कमाईवर घर चालवतात. त्यांचंही कोणी लिहायला हवं. आपल्यातले मराठीचे शिक्षक घेतील का मनावर?