देवळाली : रेल्वे, छावणी आणि एक शब्द

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत रेल्वे कधी आली नाही. मुंबई-पुणे लोहमार्गावरील खंडाळ्याचा बोरघाट इंग्रजी कागदपत्रांत ‘भोर घाट’ झाला खरा. परंतु 1863 साली त्या घाटातून धावू लागलेल्या गाडीचा आपल्या भोर गावाशी काही संबंध नव्हता. परक्यांच्या तोंडी गेलेले नाव मूळ गावापासून असे दुरावते. नाशिकजवळील देवळालीच्या वाट्याला तर याहून विलक्षण दैव आले.

1865 साली थळ घाटाचा लोहमार्ग पूर्ण झाला आणि मुंबई बंदर नाशिककडील पठाराशी जोडले गेले. या मार्गावरील देवळालीस ब्रिटिश सैन्याचा संक्रमण तळ होता. बोटीने आलेले गोरे शिपाई येथे उतरत, हवेला सरावत आणि मग आपापल्या पलटणीकडे जात. मुदत संपलेले शिपाईही परतीच्या बोटीसाठी येथेच थांबत. सैनिकी बोटी मात्र साधारणतः हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम हुकला, की पुढील बोटीपर्यंत कित्येक महिने काढणे आले. हाती काम नाही, डोक्यावर ऊन, अंगात हिवताप आणि विरंगुळ्याला दारू! कित्येकांचे चित्त ढळले. ‘देवळाली’चा अपभ्रंश ‘डूलॅली’ आणि त्याला जोडलेला आपला ‘ताप’ यांतून ‘डूलॅली टॅप’ हा सैनिकी शब्दप्रयोग जन्मला. आजही इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे वेडसर.

शब्दकोशात एवढेच उरले. परंतु त्या छावणीसाठी कपडे धुणारे, ओझी वाहणारे, स्वयंपाक रांधणारे आणि बाजारात दुकाने मांडणारे हातही तेथे होतेच. त्यांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या गावाला त्या शब्दात जागा नाही. फाळणीनंतर घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे येथे आली आणि त्यांनी नव्याने संसार मांडले. ब्रिटिश गेले, पण छावणी राहिली. आज भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय येथे आहे.

वाचकहो, वेडाचा तो ठपका देवळालीच्या मातीचा नव्हे. घरापासून हजारो मैल दूर, निरुद्योगी अवस्थेत ताटकळत ठेवलेल्या माणसांचे ते दुःख होते. ते सोसले शिपायांनी, लांच्छन मात्र चिकटले गावाच्या नावाला. एखाद्या गावाविषयी वा समाजाविषयी चालत आलेला शब्द आपण सहज उच्चारतो, तेव्हा त्यामागील माणसांची विचारपूस करणे हेही इतिहासाचेच काम आहे.