आमच्या हातचं गोड

इतिहासाच्या पुस्तकांतली लग्नं राजांची असतात. कुणाच्या वरातीत किती हत्ती होते ते लिहिलेलं सापडतं. गावकुसाबाहेरच्या मांडवात ताटात काय पडलं, ते कुणी शिजवलं, कुणी खाल्लं, हे कुणी लिहिलं नाही. ज्याच्या हातात लेखणी होती तो आपल्या मांडवात जेवायला येत नव्हता. तेव्हा हा इतिहास आपल्यालाच गोळा करायचा आहे. मी गोडापासून सुरू करतो.

गोडधोड ही किरकोळ बाब, बायकांची बाब, असं चळवळीतल्या कुणा मित्राला वाटत असेल तर त्यानं बाबासाहेबांचं १९३६ सालचं, लाहोरला होऊ न दिलेलं भाषण पुन्हा उघडावं. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत आहे. एक अस्पृश्य माणूस तीर्थयात्रा करून आला. त्यानं आपल्या लोकांना जेवण दिलं आणि जेवणात तूप वाढलं. पैसा त्याचा, तूप त्याचं, पाहुणे त्याचे. तरी शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं आणि जेवणाऱ्यांना ताटावरून उठवून मारलं. गुन्हा एकच, तुपाचा. अस्पृश्यानं तूप खाणं म्हणजे बरोबरी करणं.

त्याआधी नऊ वर्षं, २० मार्च १९२७ ला, महाडात हेच झालं. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले होते. मंडपात काही जण जेवत होते, काही गावी निघायच्या तयारीत होते. जमाव घुसला, माणसं फोडली आणि शिजलेलं अन्न मातीत मिसळलं. डोकी फोडणं समजतं, पण भाताशी काय वैर? वैर होतं. आपल्या ताटातलं अन्न मातीत गेलं की आपली पायरी आपल्याला कळावी, हा त्यातला हिशेब.

आता लग्नाचं बघू. गावात पाटलाच्या घरी लग्न निघालं की लाकडं फोडायला आपण, निरोप घेऊन कोस-कोस पळायला आपण, वाजवायला आपलेच मांगवाड्यातले भाऊ. इंदूरकडच्या बलाई लोकांवर १९२८ साली सवर्णांनी अटींची यादीच लादली, तिच्यात सवर्णांच्या लग्नात वाजवायचं हे कलम होतं. आणि गोड? माझी आई सांगायची, "पंगती उठल्या की मग आमी. टोपलं घेऊन लांब हुबं ऱ्हायाचं. बुंदी भातात, भात वरणात. सगळं एकात. गोड कंचं आन् तिखट कंचं, जिभंला कळंना." आपल्या घरच्या लग्नात गव्हाच्या भरड्याची लापशी आणि गूळ. तीसुद्धा साल बरं असलं तर.

म्हणजे गोड आपल्यापर्यंत आलं ते उष्टं होऊन. आपल्या हातून ते दुसऱ्याकडे कधी गेलं नाही. माझ्या मते जातीचं खरं कुलूप इथं आहे. अन्न वरून खाली चालतं, खालून वर चालत नाही. घेणारा बाटत नाही, कारण तो आधीच बाटलेला. देणारा हात मात्र आपला नसावा.

भट्टीत भाजलेल्या पदार्थांचा इतिहास याच कुलपाला येऊन भिडतो. पाव-बिस्किट म्हणजे किरिस्तावाचं, मुसलमानाचं. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली, गुपचूप. सभासद होताना पावाचा तुकडा खावा लागे. तुकडा खाल्ला की जात मोडली. पुढं १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांपुढं चहा-बिस्किटं ठेवली गेली. नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. एका बिस्किटानं पुणं हलतं, मग आपल्या हातच्या बिस्किटानं काय झालं असतं?

त्याचंही उत्तर इतिहासात आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाच्या आपल्या माणसानं चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा शाहू महाराज स्वतः लवाजम्यासकट तिथं थांबून चहा घेऊ लागले. महाराज पितात म्हटल्यावर बरोबरच्यांना प्यावाच लागला. एक कप चहा खालून वर जायला छत्रपती लागला, हे लक्षात ठेवा.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्याला विणखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या तोंडची लाळ इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. तोंड बाटकं, हात बाटका. राहायला मिळाल्या त्या बीडीडी चाळी.

पण त्याच मुंबईत एक जागा होती, बेकरीची भट्टी. दिवाळीला, लग्नाला आया-मावश्या मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलदोडा घेऊन बेकरीत जायच्या. भट्टीवाला मळून द्यायचा किंवा घरी मळलेलं भाजून द्यायचा, किलोमागं मजुरी घ्यायचा. आपला डबा ओळखू यावा म्हणून कुणी चिंधी बांधायचं, कुणी खडूनं नाव लिहायचं. लोखंडी पत्र्यावर नानकटाई आत जायची. शेजारच्या पत्र्यावर कुणाची, हे भट्टी विचारत नव्हती. आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची नानकटाई अशीच भाजून आणली होती. ती चाळीतल्या सगळ्या खोल्यांत वाटली. सगळ्यांनी घेतली. सगळ्यांनी खाल्लीच, असं मी म्हणणार नाही.

चळवळीनं लग्नातला भट काढला. २५ डिसेंबर १८७३ ला पहिलं सत्यशोधकी लग्न लागलं. ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाह किती साधा असावा ते कळवलं: होम नाही, सप्तपदी नाही. त्यांचं स्वतःचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, मासळीच्या दगडी ओट्यांत लागलं होतं. पहाटे कोळणी यायच्या आत सगळं आवरायचं होतं. आपल्याला हॉल मिळाले ते फार पुढं. पण भट गेला तरी आचारी राहिला. विधी आपल्या हातात आला आणि ताट केटरर्सच्या हातात गेलं. कर्ज काढून आपण पाचशे पानं उठवू लागलो. लोकांनी आपल्याकडं जेवावं म्हणून आपण आपला हात लपवला.

चाळीतून आमचं बिऱ्हाड भाईंदर पूर्वेला आलं, इंद्रलोकात. नाव बघा! सभोवती नवघर, खारी, गोडदेव ही आगऱ्यांची जुनी गावं, पलीकडं मिठागरं. मिठाच्या जमिनीशेजारी बिल्डरनं देवांच्या राजाची नगरी उठवली. याच महापालिकेच्या हद्दीत पश्चिमेला उत्तन. तिथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाचे फुगे नातलगांनी जमून घरीच तळायचे, ही रीत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

इथं माझ्या पुतणीचं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, "काका, गोड मी स्वतः करणार. केक आणि नानकटाई. दोनशे माणसांचं." घरात वादळ. वहिनी म्हणाल्या, "लोक म्हणतील पैसे नव्हते. आपण आता कुणाच्या घरी राबतो का, म्हणून नवरीनं भट्टीपुढं बसावं?" वहिनींचं चूक नव्हतं. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्यांच्या लग्नात राबण्यात गेल्या, त्यांना विकत आणलेला पेढा हाच मान वाटतो. हॉलवाला म्हणाला, बाहेरचं खाणं चालणार नाही. सोसायटीतल्या एका बाईंनी विचारलं, "अंडं असतं का त्यात?" हा प्रश्न सरळ आहे, सरळ उत्तर देता येतं. मग हळूच दुसरा: "घरीच करणार? तुमच्याच घरी?" हा प्रश्न मात्र चकवाऱ्याहून आला होता.

पोरगी हटली नाही. हॉलवाल्याशी भांडून गोडापुरती परवानगी मिळवली. घरगुती ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे मावतो, म्हणून चार दिवस आधीपासून नानकटाई, आदल्या दिवशी रव्याचा केक, एक अंड्याचा आणि एक बिनअंड्याचा. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, तीही नोंदवतो. नवरा मुलगा दोन संध्याकाळी येऊन पीठ चाळत बसला आणि तिच्या भावानं सगळे ट्रे घासले. नाहीतर आपण पुरुषांनी 'आमच्या हातचं' म्हणून भाषणं करायची आणि हात फक्त बाईचे भाजायचे, असा इतिहास आपल्याकडंही कमी नाही.

त्रिशरण-पंचशील झालं, लग्न लागलं. गोडाच्या टेबलावर तिनं पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं: हे आम्ही दोघांनी घरी केलं आहे. लपवाछपवी नाही. ज्याला खायचं त्यानं कळून खावं. मी मुद्दाम टेबलाजवळ उभा होतो. सोसायटीच्या बाई आल्या, पुठ्ठा वाचला, नानकटाई घेतली आणि तिथंच खाल्ली. दोघं-तिघं वाचून पुढं सरकले. तेही मी पाहिलं. वहिनींनी शेवटी रिकामा ट्रे उचलला आणि तळाचा भुगा बोटानं वेचून खाल्ला.

यानं जात मोडली असं मी लिहिणार नाही. नानकटाईनं जात मोडत असती तर भट्टीवाल्यांनी कधीच मोडली असती. पण खालून वर न जाणारं अन्न त्या दिवशी, नाव लावून, गेलं. तेही छत्रपतीवाचून. प्रत्येक वस्तीत अशी एखादी गोष्ट झालेली असेल. तुमच्या आईला, आजीला विचारा: तुझ्या लग्नात गोड काय होतं, ते कुणी केलं, कुणी खाल्लं नाही? उत्तर येईल ते लिहून ठेवा, तारखेसकट.