पेंढ्याच्या पाण्यातला पहिला घास

बऱ्याच माशांचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं की दोन-तीन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतं. ती पिशवी संपली की त्याला बाहेरचं अन्न लागतं, तेही जिवंत, हलणारं आणि तोंडात मावणारं. गुरामी या शोभेच्या माशाचं पिल्लू जेमतेम तीन मिलिमीटरचं. बघता बघता शेकडो पिल्लं मरतात ती बहुधा याच वळणावर.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात मत्स्यपालनाची पाळंमुळं धरणांच्या पाण्यापर्यंत जातात. टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं 1922 साली. खोपोलीला पाणी पुरवण्यासाठी घाटमाथ्यावर वळवण, शिरवता, लोणावळा ही धरणं बांधली गेली. पुढे 1970च्या दशकात त्याच लोणावळ्यात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महसीरची कृत्रिम पैदास केली. महसीरचं अंडं मोठं, त्यात बलकाचा साठाही भरपूर. त्यामुळे त्याच्या पिल्लाला थोडी उसंत मिळते.

रोहू-कटल्याला ती मिळत नाही. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगूलमध्ये हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. तेव्हापासून जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, मुबलक मिळू लागले आणि त्यांना जगवायचं कसं, हा प्रश्न पुढे आला. मत्स्यबीज केंद्रांनी त्यावर शेणाचा उपाय चालवला. असं एक सरकारी केंद्र खोपोलीतही आहे. तळ्यात शेण टाकलं की जिवाणू आणि शेवाळ वाढतं, त्यावर रोटिफर, मग मोइना-डॅफ्निया असे बारीक जीव. जिरे सोडायचे ते हे प्लवंग तयार झाल्यावर.

शोभेच्या माशांच्या पिल्लांसाठी आणखी एक जिवंत खुराक आहे, आर्टेमिया हा खारट पाण्यातला बारीक जीव. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद 1950च्या दशकातली. या आर्टेमियाची सुकी अंडी खारट पाण्यात दिवसभरात फुटतात आणि शोभेच्या माशांची थोडी मोठी पिल्लं त्यावर छान पोसतात. गुरामीच्या नवजात पिल्लाला मात्र तोही घास मोठा पडतो.

त्याच्यासाठी उपाय आहे तो पेंढा. कर्जत तर भाताचंच गाव. इथलं भात संशोधन केंद्र 1919 पासूनचं. मूठभर पेंढा उकळून पाणी गार करायचं, त्यात जुन्या टाकीतलं किंवा डबक्यातलं थोडं पाणी विरजणासारखं घालायचं आणि बरणी उजेडात, पण उन्हापासून दूर ठेवायची. चार-पाच दिवसांत पाणी आधी गढूळ होतं, मग निवळतं. भिंगातून पाहिलं तर त्यात पॅरामिशियम धावताना दिसतात. शेणाच्या तळ्यातलं तंत्रच इथे एका बरणीत उतरलेलं असतं. माशांच्या खाद्याच्या महागड्या भुकटीपेक्षा हा खुराक सरस आहे, कारण उरलेली भुकटी कुजून पाणी नासवते आणि जिवंत खुराक खाल्ला जाईपर्यंत पोहत राहतो.

पेंढा घ्याल तो कीटकनाशक न मारलेल्या शेतातला घ्या. बरणीला मलमलीचं फडकं घट्ट बांधा, नाहीतर पिल्लांआधी डासच वाढतील. आणि पिल्लं जास्त झाली तर ती दुसऱ्या हौशी माणसाला द्या; उल्हास किंवा पाताळगंगा नदीत सोडू नका.