कोटीत एक फोटॉन आणि हजार चौरस फुटांची चांदी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला रामन परिणाम मी चार मार्कांसाठी पाठ केला होता. प्रकाश रेणूवर पडतो, बहुतेक सगळा त्याच रंगाचा विखुरतो आणि अगदी थोडा रंग बदलून बाहेर येतो. त्या बदलावरून रेणू ओळखायचा. १९२८, कोलकाता, पुढे नोबेल. 'अगदी थोडा' म्हणजे किती, हे मी कधी विचारलंच नाही. साधारण कोटीत एखादा फोटॉन.

एवढ्या क्षीण प्रकाशात, धातूच्या पृष्ठभागावर बसलेला रेणूंचा एकच थर कसा दिसणार? पण १९७४ मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेन्ड्रा आणि जेम्स मॅकक्विलन यांना तो दिसला. पाण्यातला चांदीचा इलेक्ट्रोड, त्यावर चिकटलेलं पायरिडिन. त्यांची युक्ती साधी होती: विजेची दिशा उलटसुलट करून चांदी थोडी विरघळवायची, परत बसवायची, म्हणजे ती खरखरीत होते. खरखरीत म्हणजे जास्त जागा, जास्त जागा म्हणजे जास्त रेणू. सिग्नल दणदणीत आला. व्होल्टेज बदललं की आलेखातली शिखरंही बदलायची, म्हणजे तो पृष्ठभागावरूनच येत होता. पेपर छापून आला.

मला हे फार ओळखीचं वाटतं. एकदा मी कोडमध्ये कॅश घातला आणि पान झटकन उघडायला लागलं. मी टीमला अभिमानाने सांगितलं. आठवड्याने कळलं, त्याच दिवशी कुणीतरी डेटाबेसला इंडेक्स लावला होता. किती फरक पडायला हवा होता, याचा हिशोब मी केलाच नव्हता.

हिशोब १९७७ मध्ये झाला, तोही दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डेव्हिड जीनमेअर आणि रिचर्ड व्हॅन डाइन, इंग्लंडमध्ये केंट विद्यापीठात अल्ब्रेख्ट आणि क्रेटन. पृष्ठभागावर मावतील तेवढ्या रेणूंकडून जेवढा सिग्नल यायला हवा, त्याच्या लाखो पट येत होता. नुसत्या जागेने दहा लाख पट वाढ हवी, तर एक चौरस सेंटिमीटर चांदीच्या अंगावर शंभर चौरस मीटर मावायला हवेत, म्हणजे हजारेक चौरस फुटांचा फ्लॅट. खरवडून एवढं होत नाही.

मग मोठा आवाज कुठून? १९७८ मध्ये मार्टिन मॉस्कोविट्सने बोट ठेवलं ते चांदीतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर. नॅनोमीटरच्या उंचवट्यावर प्रकाश पडला की ते सगळे एका तालात डोलतात आणि उंचवट्यालगतचं विद्युतक्षेत्र वाढतं. त्याचा फायदा येणाऱ्या प्रकाशालाही होतो, जाणाऱ्यालाही. क्षेत्र दहा पट झालं, तर सिग्नल साधारण दहा हजार पट. हे खरं असेल तर इलेक्ट्रोडची गरजच नाही, पाण्यात तरंगणारे सुटे कणही चालतील. १९७९ मध्ये क्रेटन आणि सहकाऱ्यांनी चांदी-सोन्याच्या कलिलांवर तेच दाखवलं. तिथून हे तंत्र नॅनोकणांचं झालं. वाढलेलं क्षेत्र काही नॅनोमीटरांतच विरतं, म्हणून आसपासच्या द्रावणाची फारशी गडबड न होता फक्त कणाला चिकटलेलं बोलतं. कणावर काय बसलंय, कसं बसलंय, हे विचारायला याहून बरं काय हवं!

फ्लाइशमन १९८९ मध्ये पुन्हा गाजले, 'कोल्ड फ्यूजन'च्या दाव्यामुळे. तो टिकला नाही, आणि लोकांना ते त्याच्यासाठीच आठवतात. मला हा अन्याय वाटतो. चुकलं होतं ते कारण. सिग्नल खरा होता.

१९९७ मध्ये दोन गटांनी एकेकट्या रेणूचा सिग्नल पकडल्याचं जाहीर केलं. दोन कण जवळ आले की त्यांच्या फटीत क्षेत्र प्रचंड वाढतं. पण त्यामुळेच मोजणी अवघड होते: फटीत अडकलेला एक रेणू मोकळ्या पृष्ठभागावरच्या हजारोंपेक्षा मोठ्याने बोलू शकतो. शिखर उंच आलं, म्हणून रेणू जास्त आहेत असं आजही म्हणता येत नाही.